ती माशात काय घालते?

पांढऱ्या माशाला स्वतःची अशी चव नसते, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगते. मरळ घ्या, वाम घ्या, त्यांना अंगचं काही असतं. पण तलावातला कटला न् रोहू, ज्याचं मांस शिजलं की पांढरंफेक होतं, त्याला तुम्ही द्याल तीच चव. दिली नाही तर ओली चिंधी चावल्यासारखं लागतं. एवढी साधी गोष्ट मी सासरी करून दाखवली, आणि त्यापायी माझ्या नणंदेचं ठरलेलं लग्न मोडलं. मी मोडलं नाही. पण माझ्या सासरच्या टेंभुर्णीची त्या वेळची एखादी म्हातारी आजही भेटली की ती आधी माझ्या हाताकडं बघते न् मग तोंडाकडं, आणि माझी तळपायाची आग मस्तकाला जाते.

माझं माहेर मंठ्याच्या पलीकडं, पूर्णेच्या काठचं. आमच्या घरी मासा म्हणजे नवल नव्हतं. आई मासा आधी ज्वारीच्या पिठानं चोळायची, म्हणजे बुळबुळीतपणा निघून जायचा. मग तुकड्यांना दोन्ही अंगांनी चिरा पाडायची आणि मीठ, हळद, ठेचलेला लसूण, चिंचेचा कोळ असं सगळं त्या चिरांत बोटानं भरायची. भाकरी थापून होईस्तोवर तो तसाच मुरायचा. नंतर तव्यावर थोड्या तेलात परतून रश्श्यात. आणि शेवटी करडई. करडई भिजत घालायची, पाट्यावर वाटायची, पाणी घालून फडक्यानं गाळायची. घट्ट पांढरा रस निघतो. जाळ ओढून घेतला की तो वरून सोडायचा, नाहीतर फाटतो. त्या रसानं रस्सा असा दाट न् गोडसर होतो की तिखट नुसतं जिभेला न लागता पोटापर्यंत जातं.

सासरच्यांना मटण कळायचं, मासा कळायचा नाही. दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून गावाशेजारी पाझर तलाव खोदला होता. मी लग्न होऊन आले तेव्हा तो भरला होता, त्यात माशाचं बी सोडलं होतं, आणि भोई बाजारच्या दिवशी ओल्या गोणपाटात मासे गुंडाळून विकायला बसायचा. आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, हौसेनं घेऊन यायचे. आणि आत्याबाई, म्हणजे सासूबाई, त्याचं मटण करायच्या. काळा मसाला घातलेला उकळता रस्सा, त्यात एकदा धुतलेले तुकडे टाकले, झाकण ठेवलं, झालं. रस्सा नाकातोंडातून पाणी काढायचा आणि मासा आतून कोराच. वर चिखलाचा वास. सगळे गुपचूप खायचे. मामंजी तर रस्साच ओरपून तुकडे मांजरीपुढं टाकायचे.

एका बाजारी आत्याबाईंची कंबर धरली आणि मासा माझ्या हाती आला. त्या ओट्यावर गोधडी टाकून पडल्या होत्या, भिंतीकडं तोंड करून. पाटा अंगणातच, उघड्यावर. मी तिथंच करडई वाटली, तिथंच गाळली. चोरून काही केलं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. त्यांनी पाहिलं की नाही हे मात्र मला तेव्हा सांगता आलं नसतं, कारण त्यांची पाठच माझ्याकडं होती.

जेवायला बसल्यावर मामंजींनी पहिला तुकडा तोंडात घातला आणि थांबले. मग दुसरा मागितला. आमचे मालक एरवी ताटातून वर बघायचे नाहीत, त्यांनी वर बघितलं. नणंद माझ्याहून थोडी लहान, बडबडी. ती म्हणाली, "वैनी, हे काय केलं गं तू? मासाच हाय का दुसरंच काही?"

कौतुकच होतं ते. पण आत्याबाईंच्या कानात नेमकं "दुसरंच काही" एवढंच शिरलं असावं. त्यांनी आपल्या ताटातला तुकडा उचलला, वास घेतला आणि मांजरीला घातला. मांजर खाईपर्यंत तिच्याकडं बघत राहिल्या. ती खाऊन मिशा चाटत बसली, तरी त्यांनी दुसरा तुकडा तोंडात घातला नाही.

"काय घातलं?" मला विचारलं.

"करडई, आत्याबाई."

"करडई आम्ही बी खाऊन राह्यलो जलमभर. आशी लागत न्हाई."

झालं. त्या दिवसापासून माझ्यामागं एक डोळा लागला. मी मीठ घ्यायला उठले की त्या उठायच्या. मसाल्याचा डबा त्यांनी चुलीजवळून काढून आपल्या उशाशी नेला आणि मला लागेल तेवढं हातावर देऊ लागल्या. मी मासा चोळत असले की जवळ यायच्या, माझा हात धरून नाकाशी न्यायच्या, काही न बोलता सोडून द्यायच्या. एकदा मी शेतावरून आले तर माझी लग्नातली पेटी उघडी. लुगडी नीट घडी करून ठेवली होती, पण मी ठेवते तशी नाही. माझ्या आईनं बाळंतपणासाठी म्हणून दिलेल्या ओव्याची पुरचुंडी सोडून पुन्हा बांधली होती, गाठ वेगळी होती. मी कुणाला काही बोलले नाही. पण मनात म्हटलं, बाई गं, पेटीत काय शोधता, पाटा बघा की अंगणातला.

मी नणंदेला म्हटलं, "ताई, तुम्ही तरी सांगा तुमच्या मायला. तुम्ही माझ्याजवळ बसून बघितलंय." लहान असली तरी नणंद, म्हणून मी तिला ताई म्हणायची.

"सांगितलं ना," ती म्हणाली. "तर मलाच म्हणती, तुला काय खाऊ घातलंय तिनं की तू तिच्यावानी बोलून राह्यली."

संशयाचं एक असतं, तो ज्याच्यावर घेतला त्यालाही लागतो. मीही घरात कान टवकारून वावरायला लागले. आत्याबाई मालकांशी हळू बोलल्या की माझा हात थांबायचा. म्हशीचं दूध कमी पडलं की त्या मोठ्यानं म्हणायच्या, "बाजाराच्याच दिशी दूध कसं कमी होतं बरं?" म्हैस आटत आली होती, सगळ्यांना दिसत होतं. पण मी ते ऐकलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. माशाच्या दिवशी दुधाचं नाव कशाला निघतंय? आमच्याकडं माशावर दूध पिलं तर अंगावर कोड फुटतं असं मानतात. दोन्ही एका भांड्यात घालणं तर दूरच, मासे खाल्ले त्या दिवशी चहासुद्धा लोक कोरा पितात. माझ्या माहेरीही तेच. आईनं कधी ताकाचा थेंब माशाजवळ येऊ दिला नव्हता.

एके दिवशी मालक हात धुता धुता म्हणाले, "खरं सांग, तू दूध तर न्हाई ना घालत? मायनं पांढरं वतताना बघितलं म्हणती."

ज्या माणसानं पाट्याशेजारी बसून माझ्याशी गप्पा मारल्या होत्या, त्यानं मला हे विचारावं? पुढच्या बाजारी मी मासा नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडला. लसूण नाही, चिंच नाही, तव्यावर परतणं नाही. सगळ्यांच्या ताटात वाढला आणि चुलीपाशी जाऊन बसले.

मामंजींनी एक घास घेतला. "आज कामून आसं गं?"

"आज पांढरं काही घातलं न्हाई, मामंजी," मी म्हटलं. "बिलकुल न्हाई."

नणंद तोंडावर पदर धरून हसली. मालकांनी मान खाली घातली. मामंजींनी ताट सरकवलं आणि बायकोकडं बघून म्हणाले, "हिला करू द्या बराबर. आमच्या जिवाला काही झालं तर आम्ही बघू." त्यानंतर मी पुन्हा पहिल्यासारखा मासा करायला लागले, आणि आत्याबाईंनी मासा खाणंच सोडलं. माशाच्या दिवशी त्या भाकरी न् ठेचा घेऊन आमच्याकडं पाठ करून जेवायच्या.

त्या साली सुगीच्या आधी नणंदेचं ठरलं. स्थळ धावड्याचं, मुलगा एस.टी.त कंडक्टर. घरी जमीनही होती. मुलगा दिसायला नीट, आणि हसताना तोंडावर हात धरायचा, एवढंच नणंदेनं पाहिलं होतं, पण तेवढ्यावर तिची कळी खुलली होती. ती विहिरीवर जाताना गुणगुणायची. सुपारी फुटली, लग्न ज्वारी निघाल्यावर करायचं ठरलं. आत्याबाई कितीतरी महिन्यांनी माझ्याशी बरं बोलल्या. मला खरं सांगायचं तर नणंदेसाठी फार आनंद झाला. त्या घरात माझ्या बाजूनं बोलणारं तेवढंच एक माणूस होतं.

मग एका सकाळी मी तिची वेणी घालत होते. केस वर उचलले तर कानामागून मानेवर उतरणारा एक फिकट डाग. नखाएवढा नव्हता, चांगला रुपयाएवढा. शेजारी आणखी दोन बारीक. माझा हात थांबला.

"काय झालं, वैनी?"

"काही न्हाई. गुंता हाय."

पण तिला कळलं. तिनं हात मागं नेला, त्या जागी बोटं फिरवली आणि आरशाचा तुकडा घ्यायला धावली. आत्याबाई दारातच होत्या. त्यांनी तिची हनुवटी धरून मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पाहिलं. त्या खाली बसल्या, बसल्या म्हणजे कोसळल्याच. मग माझ्याकडं बोट केलं.

"हिनं केलं. माशात दूध घालून खाऊ घातलं माझ्या लेकीला."

मी म्हटलं, "आत्याबाई, खाल्लं सगळ्यांनी. मला कुठं आलं? मामंजींना कुठं आलं?"

"तुला कशाला यील. तुला उतारा म्हाईत आसंल."

आता या बोलण्याला काय म्हणायचं? मी दोन्ही हात पुढं केले, पदर सारून मान दाखवली. त्या बघतच नव्हत्या. मामंजी शेतावर होते. मालक आले, त्यांनी बहिणीची मान पाहिली, आणि या वेळी मला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते तिला आणि मला घेऊन एस.टी.नं जालन्याला गेले. मी सोबत हवी, हे नणंदेनंच लावून धरलं.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी डाग उजेडात बघितला, नखानं खरवडला, बारीक कोंडा निघाला. टाचणीनं टोचलं, ती "आई गं" म्हणाली. ते हसले.

"शिबं आहे हे," म्हणाले. "घामानं होतं. मलम देतो. उन्हात काम करता, मान झाकून घेता, हवा लागत नाही. कोड वगैरे काही नाही."

"मासे खाल्ल्यानं?" मालकांनी विचारलं.

"खा की मासे. चांगले असतात."

परतताना नणंद खिडकीशी बसून रडली, हसली, पुन्हा रडली. मला वाटलं, संपलं एकदाचं. घरी येऊन मालकांनी डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आत्याबाईंनी ऐकून घेतलं. मलमाची डबी हातात घेऊन उलटीपालटी केली. "डाक्टर काय, पैशाला बोलतो," म्हणाल्या आणि उठून गेल्या.

त्या कुठं गेल्या ते मला नंतर कळलं. पलीकडच्या काकूंच्या घरी. या काकूंकडं मी मासा केला की वाटी पाठवायची, त्या रिकामी वाटी कधी धाडायच्या नाहीत, काहीतरी घालूनच परत द्यायच्या. त्या आठवड्यात मी रस्सा पाठवला. काही वेळानं गोठ्यातून शेण काढायला गेले तर काकू उकिरड्यावर उभ्या, आणि माझी वाटी उपडी करत होत्या. माझ्याकडं बघितलं, पदर सावरला आणि म्हणाल्या, "मांजरीनं तोंड घातलं गं." मांजर आमची होती, आणि ती माझ्या पायाशी उभी होती.

मग हापशावर. मी घागर घेऊन गेले की बायकांचं बोलणं तुटायचं. कुणी म्हणायचं, "जल्दी भर गं, जाऊ दे." एकीनं माझ्यासमोर नणंदेला विचारलं, "मान का झाकून घेतली बाई? थंडी हाय व्हय?" नणंदेनं पदर काढून मान दाखवली. डाग फिके पडत चालले होते, मलमानं त्वचा वरून सुटत होती. पण ज्याला बघायचंच असतं त्याला फिका डागसुद्धा पसरल्यासारखा दिसतो. ती बाई मागं सरकली.

मी त्या रात्रीच्या जेवणाआधी आत्याबाईंना सरळ विचारलं. "तुम्ही गावात सांगितलं?"

"एकीलाच सांगितलं. तिनं कुणाला सांगितलं आसंल तर मी काय करू?"

"काय सांगितलं?"

"सुनेनं दूध घातलं म्हणून झालं. पोरीचा काही दोष न्हाई, आसंच सांगितलं. खोटं का बोलू?"

मी भांडले. मी भांडखोर आहे, लपवत नाही. घर डोक्यावर घेतलं. मालकांना म्हटलं, मला मंठ्याला सोडून या. ते म्हणाले, लग्न होऊ दे, मग बघू. मामंजी म्हणाले, पोरी, तू गेली तर लोक म्हणतील खरंच केलं म्हणून गेली. त्यांचं खरं होतं. मी थांबले, फक्त नणंदेसाठी. रोज आंघोळीनंतर मीच तिला मलम लावायची. ती विचारायची, "गेला का?" मी म्हणायची, "चालला." आणि खरंच चालला होता. ज्वारीला कणसं धरली तेव्हा तिच्या मानेवर शोधूनही काही सापडेना.

तेव्हाच धावड्याहून मधला माणूस आला, ज्यानं स्थळ जमवलं होतं तो. ओट्यावर बसला, पाणी पिलं, पिकापाण्याचं विचारलं. चहा आला तो नको म्हणाला. मग इकडं तिकडं बघत म्हणाला, "पोराला एवढ्यात करायचं न्हाई म्हणून राह्यले. त्याची बदली व्हायची हाय."

मामंजी म्हणाले, "बदली झाली म्हणून कुणी लगीन मोडतं का? खरं काय ते बोला."

तो चपलेकडं बघत राहिला. "पोरीच्या अंगावर हाय म्हणतात. मासा-दूध झालंय म्हणतात. तुमच्याच घरातून बाहेर पडलंय म्हणल्यावर ते तरी काय करतील?"

मालकांनी नणंदेला बाहेर बोलावलं. तिनं येऊन मान दाखवली, परक्या पुरुषापुढं, भर ओट्यावर. त्या माणसानं बघितलं नाही. "मी सांगतो त्यांना," म्हणाला आणि गेला. पुढं काहीच कळवणं आलं नाही. सुगी झाली आणि त्या कंडक्टरनं दुसऱ्या गावची मुलगी केली.

आत्याबाईंनी डोकं भिंतीला लावलं आणि माझ्या नावानं सुरुवात केली. मी पांढऱ्या पायाची, मी घर बुडवायला आले. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण नणंद मधे आली. तिचे डोळे कोरडे होते.

"माय," ती म्हणाली, "डागाला मलम होतं. तू बोल्ली त्याला काय लावू?"

आत्याबाई उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि बाहेर पडल्या. त्या पलीकडच्या काकूंकडं गेल्या, तिथून पुढच्या घरी, तिथून पुढं. जिथं जिथं सांगितलं असेल त्या प्रत्येक घरी जाऊन म्हणाल्या की सुनेनं दूध घातलं नव्हतं, ते मला उगाच वाटलं, पोरीला काही नाही, डॉक्टरनं शिबं सांगितलं. नणंद आणि मी दारातून बघत होतो. सगळ्यांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, मान हलवली. काकू त्यांना सोडायला आमच्या दारापर्यंत आल्या आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "जाऊ द्या बाई. तुमची लेक ती आमची लेक. आम्ही कशाला बोलू कुणाला?"

म्हणजे कुणाचाच विश्वास बसला नव्हता. आत्याबाईंना ते कळलं, मलाही कळलं. पुढचं वर्ष-सव्वा वर्ष आमच्या ओट्यावर एक पाहुणा चढला नाही. नणंदेचं गुणगुणणं बंद झालं. तिनं मासा खाणं मात्र सोडलं नाही. उलट बाजारच्या दिवशी तीच पाट्यावर करडई वाटायची, जोरजोरात, रस्त्यावरून जाणाऱ्याला ऐकू जाईल अशी.

मग परभणीकडचं एक स्थळ आलं, लांबचं. मुलगा शेती करणारा. त्यांना आमच्या गावातलं काही माहीत नव्हतं. येण्याच्या आदल्या दिवशी आत्याबाईंनी सगळ्यांना बजावलं, "मागचं कुणी काही काढायचं न्हाई. इचारलं तरी न्हाई." माझ्याकडं बघून पुन्हा एकदा म्हणाल्या.

पाहुणे आले. पुरुष बैठकीत, आणि मुलाची आई आत, बायकांत. नणंद पाटावर बसली. नेहमीचं विचारणं झालं, कितवीपर्यंत शिकली, स्वैपाक येतो का, शेतातलं काय काय येतं. त्या बाईनं तिला चालून दाखवायला सांगितलं, हात बघितले. मग रीतीप्रमाणं म्हणाली, "तुला काही सांगायचं आसंल तर सांग बाई."

हे सगळेच म्हणतात. मुली खाली बघून मान हलवतात. नणंदेनं वर बघितलं.

"मावशी, मागच्या साली माझ्या मानेवर डाग आल्ते," ती म्हणाली. "शिबं होतं, जालन्याच्या डाक्टरनं मलम दिलं, गेलं. पण गावात कोड म्हणतात. वैनीनं माशात दूध घातलं म्हणून फुटलं म्हणतात. त्यापायी एक ठरलेलं मोडलं. तुम्हाला बाहेरून कळण्यापरीस माझ्याकडून कळू द्या. मान बघा, मंग काय ते ठरवा."

मी चहाच्या कपबश्या घेऊन दारात उभी होते. आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले. ती बाई उठली, नणंदेच्या मागं गेली, वेणी उचलली, दोन्ही कानांमागं बघितलं, पाठीवर बोट फिरवलं. घाईनं नाही, चांगलं निरखून. मग येऊन पुन्हा आपल्या जागी बसली आणि मला म्हणाली, "मंग तू माशात घालती तरी काय गं?"

मी कपबश्या त्यांच्यापुढं ठेवायला वाकले. तेवढ्यात माझ्या शेजारून उत्तर आलं.

"करडई," आत्याबाई म्हणाल्या. "रातीच भिजत घालती. पाट्यावर वाटती, फडक्यानं गाळती. चिरात लसूण-चिच भरून आधी मुरवती, तव्यावर परतती. जाळ वढून घेतल्यावर करडई वरून सोडती. दुधाचा थेंब न्हाई घातला तिनं कधी. पहिल्याच बाजारी मी ओट्यावरून सगळं बघितलं."

ती बाई "हां, आमच्यातबी गोड सांज्यात घालतात करडई," असं काहीतरी म्हणाली आणि कप उचलला. बाहेर पुरुषांचं बोलणं चालू होतं. जाताना त्यांनी होकार देऊनच सुपारीची तारीख विचारली. हे सगळं माझ्या कानावरून गेलं. माझ्या डोक्यात एकच बसलं होतं, पहिल्याच बाजारी बघितलं. पाठ करून पडल्या होत्या आणि सगळं बघितलं होतं. माझा हात हुंगताना, पेटी उघडताना, काकूंकडं जाताना, त्या प्रत्येक वेळी त्यांना ठाऊक होतं.

पाहुण्यांना एस.टी.वर सोडायला निघालेली बैलगाडी वळली आणि आम्ही तिघी चुलीपाशी उरलो. मी उरलेला चहा गरम करून दोघींच्या हातात दिला. आनंदाचा दिवस होता, पण कुणी हसत नव्हतं.

नणंदच बोलली. "माय, तुला म्हाईत होतं?"

आत्याबाई कपात बघत म्हणाल्या, "आधी मला राग होता. हिच्या हाताला चव हाय, सगळे हिचं गुणगान करून राह्यले, म्हणून इचारत गेले. पण तुझ्या मानेवर दिसलं आन माझे पाय गेले. माझ्या आत्याच्या सगळ्या अंगावर कोड होतं, गोठ्यात राहायची ती. आमच्या माहेरच्या रक्तात हाय म्हणून मला कुणी करून घेत नव्हतं, तुझ्या आज्यानं म्हाईत नसताना सून करून आणली. तेच तुझ्यात उतरलं वाटलं. रक्ताचं हाय म्हणलं आसतं तर तुला जलमभर कुणी इचारलं नसतं. माशानं झालं म्हणलं तर तुझा दोष न्हाई, घरान्याचा न्हाई. तेवढंच मला सुचलं."

नणंदेनं मायचा हात धरला. दोघी रडल्या. मीही रडले असते, त्या बाईनं आयुष्यभर केवढं भय पोटात दाबून ठेवलं होतं ते माझ्याही डोळ्यांपुढं आलं. मग नणंदेनं माझ्याकडं बघितलं, आणि आईचा हात सोडून विचारलं, "आन वैनीचं काय, माय?"

आत्याबाईंनी मान वर केली. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, कपट नव्हतं. प्रश्नच त्यांना नीट कळला नव्हता.

"तिचं काय," म्हणाल्या. "ती सून हाय."